कुलूप लावलेले दिवस

“डबा बंद करून परत चालू करा,” हेल्पलाइनवरचा माणूस म्हणाला.

“मघापासून तेच करतेय,” लेक म्हणाली आणि पुन्हा तेच केलं. टीव्हीखालच्या काळ्या डब्याचा दिवा लाल झाला, मग हिरवा झाला, आणि टीव्हीवरच्या चार चौकोनांतून घर परत दिसायला लागलं. दार, जिना, स्वयंपाकघर, बाहेरची खोली. बाहेरच्या खोलीत ती स्वतःच फतकल मारून बसलेली दिसत होती, केसांचा अवतार झालेला. तिने तिकडे बघायचं टाळलं.

कॅमेरे ठणठणीत होते. रडत होता तो डबा. चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्यात साठायचं, म्हणजे साठायला हवं होतं. एखाद्या दिवसाचं असायचं, मग दोन-तीन दिवसांचं गायब. गेल्या मंगळवारी आई दार उघडून निघून गेली, तेव्हा नेमकं गायब. कधी गेली, कुठल्या बाजूला वळली, काही कळायला मार्ग नाही. बाबांनी अख्खी वस्ती पालथी घातली. आई संध्याकाळी पेट्रोल पंपावर सापडली, एका पायात चप्पल घालून.

मग भावाचा फोन आला. भाऊ लांब राहायचा, आणि लांबून त्याला सगळं अगदी स्पष्ट दिसायचं. “बाहेरून कडी घालायला बाबा तयार नाहीत. सांभाळायला बाई नको म्हणतात. मग निदान कॅमेरे तरी धड चालू देत. नाहीतर आईला संस्थेत ठेवू. मी तिथे बोलून ठेवलंय.” त्याचं काही चुकत नव्हतं, हाच तर वैताग होता. आई संस्थेत गेली तर बाबा हाय खातील, हे लेकीला ठाऊक होतं. म्हणून ती सुट्टी टाकून सकाळपासून त्या डब्याची मनधरणी करत बसली होती.

वायर बदलून झाली. तारीख-वेळ तपासून झाली. डबा पुसूनसुद्धा झाला, तेवढंच समाधान. आई शेजारी खुर्चीत टीव्हीच्या रिमोटची बटणं दाबत होती. घरात रिमोट दोन, एक टीव्हीचा, एक डब्याचा. त्यातला एक कायम आईच्या हातात. काढून घेतला की ती रडायची.

“जागा किती शिल्लक दाखवतंय?” माणसाने विचारलं.

“शून्य. पण भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं, असं तुमचाच माणूस सांगून गेला होता.”

“पुसलं जातं ना. कुलूप लावलेलं सोडून. रेकॉर्डिंग बघताना ते कुलपाचं बटण दाबलं, की डबा तो अख्खा दिवस धरून ठेवतो. तुमच्याकडे बघा, कुलपंच कुलपं असणार, मॅडम. नव्याला जागा मिळणार कुठून?”

लेकीने टीव्हीवर बघितलं. खरंच कुलपांची रांग लागली होती. तिने एक उघडलं. डोकं ठणकत होतं म्हणून आवाज सकाळीच बंद केलेला. बाबा पिशवी घेऊन दारात उभे, आई दार उघडते, बाबा आत येतात. दुसरं उघडलं. बाबा दारात, आई दार उघडते, बाबा आत. तिसऱ्यात पिशवीऐवजी छत्री, बाकी तेच. किल्ली खिशात असताना बेल वाजवायची बाबांची खोड अलीकडे फारच वाढली होती. एवढं सोडलं तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मग तिचं लक्ष आईच्या हातातल्या रिमोटकडे गेलं.

“काय उद्योग करून ठेवलेस गं, आई?” ती म्हणाली. रागवायचंही त्राण नव्हतं.

“हो,” आई म्हणाली आणि हसली.

“सगळी कुलपं काढून पुसायचं का?” माणसाने विचारलं. “नंतर परत मिळणार नाही हं.”

“पुसू या एकदाचं. कसं ते सांगा.”

त्याने सांगितलं, तिने केलं. टीव्हीवरची निळी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. डबा रिकामा झाला आणि लेकीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिने आभार मानून फोन ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. बाबा दूध घेऊन आले होते. बरं झालं, लगेच तपासूनही होईल, म्हणून लेक उठली नाही. आई उठली. तिने दार उघडलं.

“कोण पाहिजे?”

“मी आहे. दूध आणलंय.”

“आम्ही नाही घेत दूध,” आई म्हणाली आणि दार लावायला लागली. बाबा दाराला हलकेच हात लावून उभे राहिले. घाई केली नाही. जरा वेळाने आईच विसरली आणि खुर्चीत येऊन बसली. मग ते आत आले.

लेकीने आवाज चालू करून रेकॉर्डिंग लावलं. होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शब्दन् शब्द ऐकू येत होता. तिला रडूच आलं. “बाबा, झालं दुरुस्त. हे बघा. आई आता कुठे जात नाही, घरातच राहणार. दादाला मी कळवते.”

बाबांनी दूध ठेवलं, चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळं बघितलं. ‘आम्ही नाही घेत दूध’ला ते जरासे हसले. मग त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

“थकलीस ना गं. फार मोठं काम केलंस,” ते म्हणाले. “पण हे आजचं पुसलंस तरी चालेल. ज्या दिवशी ती दार उघडून ‘आलात का’ म्हणाली, तेवढे दिवस राहू देत. त्यांना मी कुलूप लावून ठेवलंय.”