घाटातली खरखर

अंकितने पुन्हा पेडल फिरवलं आणि प्रिस्किलाने पुन्हा डोळे मिटले. स्टँडवर टांगलेल्या सायकलचं मागचं चाक गरगरत होतं, पण ती चाकाकडे बघतच नव्हती. कान देऊन नुसता चेनचा आवाज ऐकत होती. शेवटी तिने मान हलवली. हाही नको.

अंकितने कपाळाला हात लावला. नंदुरबारात त्याच्या आजोबांपासून सायकलचं दुकान, पण असलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. चेन गाईड म्हणजे पुढच्या दातेरी चकतीवर बसणारी बोटभर वस्तू. दगडाधोंड्यांच्या उतारावर चेन उसळून निसटू नये, एवढंच तिचं काम. लोक मजबुती बघतात, हौशी पोरं रंग बघतात. ही पोरगी आवाज बघत होती. चाकी लावलेला गाईड दाखवला, तो गुणगुणला. लोखंडी पट्टीचा दाखवला, तो किणकिणला.

"ताई, शर्यतमा आवाज कोन आयकस?" त्याने विचारलं.

"घरमा एक जन शे," प्रिस्किला म्हणाली.

तो एक जण म्हणजे तिचा बाप दानियल. नवापूरच्या डोंगरात शेळ्या राखणारा. त्याच्या कानांची गावात थट्टाही व्हायची आणि कौतुकही. कुठली शेळी कुठल्या घळीत चरतेय, हे तो गळ्यातल्या घंटीवरून घरबसल्या सांगायचा. मागच्या वर्षी घाटाच्या मोठ्या वळणावर प्रिस्किलाची चेन निसटली. ती स्वतः दगडांवर आपटली, खांद्याचं हाड मोडलं. दानियलने तिला पाठुंगळीला घेऊन खाली आणलं आणि त्याच दिवशी बजावलं, की सायकल कॉलेजपुरती. घाटात पुन्हा दिसली तर विकून टाकीन. एरवी तो फारसा बोलायचा नाही, म्हणून ते बोलणं जास्तच लागलं.

हाड सांधलं, पण घाट काही तिच्या डोक्यातून जाईना. आता तर सातपुड्यातल्या डोंगरी शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. सराव पहाटेच जमायचा. तेव्हा बाप ओट्यावर तोंडावर गोधडी घेऊन ढाराढूर झोपलेला असायचा. चेन निसटू नये म्हणून तिने पत्र्याचा तुकडा वाकवून बसवला होता. चेन निसटत नव्हती, पण पत्रा खरखर करून सगळा घाट डोक्यावर घ्यायचा. आणि रस्ता असा, की घराच्या अगदी वरून वळसे घेत जाणारा. परवा ती निघाली आणि गोधडीखाली बाप खोकला. ती सायकल धरून जागीच थबकली. तो उठला नाही, हे नशीब. पण नशिबावर किती दिवस काढायचे?

अंकितने आतून एक खोकं आणलं. हा गाईड चेनला फक्त वरून सांभाळणारा होता, आतून मऊ रबर लावलेला. चेनला घासणार नाही इतकी फट ठेवून त्याने तो बसवला आणि पेडल फिरवलं. प्रिस्किलाने डोळे मिटले. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू आल्या. दुकानातला पंखा ऐकू आला. चेन काही ऐकू आली नाही. तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने चोरपावलांनी सायकल काढली. मागचं चाक उचलून धरलं आणि ओटा ओलांडला. गोधडी हलली नाही. घाट चढताना तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. माथ्यावरून ती वळली आणि उतार लागला. मोठ्या वळणावर सायकल दगडांवरून उसळली, पण चेन जागची हलली नाही. आता शर्यत आपली, असं तिला वाटलं. वळण संपलं आणि तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

रस्त्याच्या मधोमध दानियल उभा होता. अनवाणी, खांद्यावर गोधडी तशीच, धापा टाकत.

गेली सायकल, असं मनाशी म्हणून तिने मान खाली घातली. दानियलने सायकलकडे पाहिलंही नाही. त्याने तिचा मोडलेला खांदा चाचपला, कोपर चाचपले, डोक्यामागून हात फिरवला. मग तो बाजूच्या दगडावर मटकन बसला.

"आज आवाजच आला नाही," तो घरच्या बोलीत म्हणाला. "मला वाटलं, पडलीस."

तिला काही उमगेना. रोज आवाज यायचा का, तिने हळूच विचारलं.

रोज, तो म्हणाला. पहिल्याच पहाटे तो उठून तिला अडवणार होता. पण घरातून निघालेल्या माणसाला मागून टोकू नये. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा दानियल एवढी एक जुनी समजूत सोडायला तयार नव्हता. म्हणून त्याने गोधडी तोंडावर ओढली आणि कान घाटाला लावले. खरखर वळणावर गेली, खरखर खाली उतरली, खरखर अंगणात थांबली, की रागावणंही राहून जायचं आणि मग त्याचा डोळा लागायचा. आज गोधडीच्या फटीतून ती जाताना दिसली आणि नंतर घाट गप्पच. तो तसाच धावत सुटला होता.

दोघं सायकल ढकलत खाली आली. प्रिस्किलाला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

अंगणात आल्यावर दानियल शेळ्यांकडे गेला. म्होरक्या शेळीच्या गळ्यातली घंटी त्याने सोडली आणि सायकलच्या हँडलला बांधली. गाठ ओढून पाहिली.

"शर्यतीच्या दिवशी काढून ठेव," तो म्हणाला. "घाटात वाजू दे."