एकेचाळिसावी गोगलगाय

एकेचाळिसाव्या गोगलगायीच्या पाठीवरही लाल ठिपका निघाला, तेव्हा ती मुलगी ओल्या गवतात फतकल मारून बसली आणि हसत सुटली. तिने ठिपके दिले होते चाळीस.

"परत मोज," ती म्हणाली.

"तीनदा मोजल्या," बगळा म्हणाला. बगळा म्हणजे तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार. लांब पाय आणि चिखलात एकेक पाऊल उचलून टाकायची सवय, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. "एकेचाळीस पकडल्या, एकेचाळिसांनाही ठिपका. बिनठिपक्याची औषधालासुद्धा नाही."

प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बाकीच्यांनी बिबटे घेतले, गरुड घेतले. एकाने तर देवमासा घेतला, जो त्याने आजवर फक्त पडद्यावर पाहिला होता. हिने घेतल्या कॉलेजच्या बागेतल्या गोगलगायी. आत्याने फोनवर विचारलं होतं, "का गं, तुझा नंबर येईपर्यंत वाघ संपले का?" आत्याचं काय जातंय बोलायला. हिचा मात्र त्या बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यांवर खरोखर जीव जडला होता. ही जात आता या बागेबाहेर फारशी कुठे उरली नव्हती, आणि बागेत किती उरलीय हे कुणी कधी मोजलं नव्हतं.

मोजायची रीत सोपी. चाळीस पकडायच्या, शंखावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, सोडून द्यायच्या. पंधरा दिवसांनी पुन्हा पकडायच्या. त्यांत ठिपक्याच्या थोड्या निघाल्या तर बागेत गोगलगायी भरपूर, पुष्कळ निघाल्या तर बागेत थोड्याच. चाळिसांच्या एकेचाळीस झाल्या तर काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. परीक्षक दुपारी तीनला येणार होते. आकडा नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं.

"ठिपका आनुवंशिक असेल," बगळा म्हणाला. "आईला होता, लेकराला आला."

"पंधरा दिवसांत?"

"मनात आणलं तर होतं."

ती पुन्हा हसायला लागली. रडू यायच्या जरा आधी येतं, तसलं ते हसू होतं. पोट दुखायला लागलं तरी थांबेना. तेवढ्यात त्यांच्या मॅडम बांधावरून साडीचा घोळ सावरत खाली आल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक गोगलगाय डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"हे दोन हातांचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझे ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे, कडेला. हे बघ, शर्टाच्या बटणाएवढे, मधोमध." मग त्या बगळ्याकडे वळल्या. "गोगलगाय नि पोटात पाय. हे तुझे उद्योग नाहीत ना रे?"

"मॅडम, माझी बेडकाची आकृती तुम्ही बटाटा समजून परत केली होतीत," बगळा म्हणाला. "एवढे गोल ठिपके मला जमतील?"

मॅडमना ते पटलं.

इतक्यात तिने कुंडीमागून बेचाळिसावी उचलली. ठिपका तिच्या अंगठ्याला चिकटला. ओला होता. गोगलगाय काही रंग लावून धावत आलेली नव्हती, म्हणजे रंगवणारा चार पावलांवरच असणार. तिघं दबक्या पावलांनी रोपांच्या शेडमागे गेले.

तिथे माळीकाका पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर ओलं पोतं, पोत्यावर पाच गोगलगायी, हातात नेलपॉलिशचा चिमुकला ब्रश. ते श्वास रोखून ठिपका देत होते. तिघांना पाहून त्यांनी बाटली पाठीमागे लपवली.

"सुनेची आहे," ते ओशाळून म्हणाले. "तिला नवी आणून देणार आहे मी."

"काका, माझं वर्ष घालवलंत तुम्ही," ती म्हणाली. तिला भयंकर राग आला होता, पण त्या चिमुकल्या ब्रशाकडे पाहून तो चेहऱ्यावर काही येईना.

मॅडमनी मात्र शांतपणे विचारलं, "एकूण किती रंगवल्या?"

"आजच्या सहा धरून एकशे अठरा. मोजून ठेवल्यात, एखादी सुटायला नको."

"आणि बिनरंगाच्या राहिल्या किती?"

"राहिल्या असत्या तर रंगवल्या नसत्या का? आठ दिवस वाफे, भिंती, कुंड्यांची बुडं, सगळं पालथं घालतोय."

मॅडम तिथेच विटांच्या ढिगावर बसल्या. "एकशे अठरा आणि तुझ्या चाळीस. एकशे अठ्ठावन्न," त्या तिला म्हणाल्या. "अगं, लोक जन्मभर अंदाज काढतात. तुझ्याकडे शिरगणती आहे. लिही वहीत. आणि कुणी केली तेही लिही."

तिला हे कळायला दोन क्षण लागले. मग तिने चिखलाच्या हातांनी बगळ्याला धरून गरागरा फिरवलं. तो एका वाफ्यात पडला आणि पडल्या पडल्या हसत राहिला. मॅडमही हसल्या, चष्मा घसरून नाकावर येईपर्यंत. माळीकाका कुणाच्या पायाखाली काही येऊ नये म्हणून पोतं उचलून उभे राहिले.

"पण काका," तिने धापा टाकत विचारलं, "हा खटाटोप केलात तरी कशाला?"

"मागच्या सोमवारी बागेचे साहेब आले होते," माळीकाका म्हणाले. "म्हणाले, ह्या रोपं खातात, सगळ्यांवर मीठ टाकून मारा. त्या मुलीच्या ठिपक्याच्या आहेत तेवढ्या सोडा, उगाच प्राणिशास्त्रवाल्यांशी वाद नको." पुन्हा बादलीवर बसून त्यांनी शेवटच्या गोगलगायीवर अलगद ब्रश टेकवला. "साहेबांचा शब्द मी कधी मोडत नाही. बिनठिपक्याची एक तरी दाखवा, लगेच मारतो."