सातवी तार

ते साल होतं १९५४. वर्धा नदीकाठच्या एका कोळशाच्या खाणीत मुखरूकडे एकच काम होतं. माणसांचा पाळणा ज्या पोलादी दोरावर खाली जायचा, तो दोर रोज सकाळी सावकाश फिरवून त्यावर कापूस धरायचा. दोराच्या पिळातली एखादी तार तुटलेली असली की तिथं कापूस अडकतो.

सोमवारी कापूस सहा ठिकाणी अडकला. मुखरूनं तिथं चुन्याच्या खुणा केल्या. साहेब म्हणाले, नवा दोर येईपर्यंत हाच चालवा. मुखरूला दिवसभर जेवण गेलं नाही.

मंगळवारी चुन्याच्या खुणा जागेवर होत्या, पण कापूस कुठंच अडकला नाही. त्यानं तीनदा पाहिलं. दोर नव्यासारखा गुळगुळीत होता. माणसं हसत खाली गेली आणि हसतच वर आली.

दुपारी मुखरू खुशीत घरी येऊन अंगणात पालथा पडला. बायको वच्छला त्याच्या पाठीला जवसाचं तेल लावू लागली आणि तिनं एकदम हात मागे घेतला.

"अवो, पाठीत काय टोचून राह्यलं?"

"कापूस फिरवून पाह्य," तो डोळे मिटून म्हणाला. "सहा जागी अडकते."

तिनं कापूस फिरवला. पाठीवर जागोजागी पांढरे पुंजके राहिले.

"सहा नाई," ती हळूच म्हणाली. "सात."

"मंग एक मले सापडलीच नव्हती," मुखरू म्हणाला, आणि निवांत झोपी गेला.