चार खुणा

अम्मानमध्ये कुणाला पाळलेला टॅरांटुला कोळी चावला, की विचारायला फोन निदाललाच यायचा. आज त्याच्याच सात वर्षांच्या लेकीला, लुजैनला चावला. तिची किंकाळी ऐकून तो धावला. तिच्या तळहातावरचा कोळी त्याने आधी अलगद उचलून पेटीत ठेवला. मग तिचा हात साबणाने धुतला, फडक्यात बर्फ गुंडाळून लावला.

"काही होत नाही गं, मधमाशी चावल्यासारखंच."

तेवढ्यात त्याला दातांच्या चार खुणा दिसल्या. म्हणजे दोनदा चावला होता.

"अगं वेडाबाई, पहिल्यांदा चावला तेव्हाच झटकून टाकायचा ना!"

लुजैनने नाक पुसलं. "तूच म्हणतोस ना बाबा, खाली पडला की त्याचं पोट फुटतं. म्हणून तू येईपर्यंत मी हात हलवलाच नाही."