साडेतीनची गोळी

"ही ती नाही," मुद्रितशोधक म्हणाले.

तळहातावरची गोळी गुलाबी होती. नेहमीची पांढरी असायची, थोडी लहान, मधोमध चीर असलेली. पाकिटावर नाव मात्र डोकेदुखीच्या त्याच गोळीचं होतं. त्यांनी ते दोनदा वाचून पाहिलं. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली. नजर अजून शाबूत होती.

"कंपनीने रंग बदलला असेल," बायको म्हणाली. "लोकांच्या वेलांट्या तपासून संपल्या, आता गोळ्या तपासा."

पण तिचाही चेहरा उतरला होता.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. एरवी औषधं तीच आणायची. पाकिटं फोडून गोळ्या तपकिरी बाटलीत भरायची आणि रोज साडेतीनला एक त्यांच्या हातावर ठेवायची. या वेळी ते स्वतः दुकानात निघाले, तर ती नको नको म्हणत होती. "बाटलीत दोन आहेत अजून. मी बघते काहीतरी." एवढ्याशा कामासाठी प्लास्टर निघायची वाट कशाला बघायची, म्हणून ते गेले.

डोकेदुखी सहा वर्षांची. मुलाला घराबाहेर काढलं तेव्हापासूनची. त्याने परस्पर लग्न ठरवलं, शब्दाने शब्द वाढला आणि मुद्रितशोधक दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही." त्यानंतर घरात मुलाचं नावही निघालं नाही. गोळी घेतली की बरं वाटायचं. अशी गाढ झोप लागायची, की जाग यायची ती थेट सहाला.

त्या दिवशी गुलाबी गोळीने डोकं दुखायचं थांबलं, पण झोप लागली नाही.

खोलीचं दार लोटून ते पडले होते. चार वाजता मागच्या दाराची कडी वाजली. मग कप ठेवल्याचा आवाज. एक पुरुष खालच्या आवाजात काही बोलला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून काहीतरी धावत गेलं. हलकं, अनवाणी.

मुद्रितशोधकांच्या अंगावर काटा आला. ते हळूच उठून बसायला गेले. पलंग करकरला, आणि पलीकडे सगळं एकदम शांत झालं.

स्वयंपाकघरात बायको एकटीच होती. मागचं दार बंद. मोरीत दोन कप आणि एक छोटा पेला.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार आपल्याकडे?"

"हे कप?"

"सकाळचे. एका हाताने किती घासू?"

"मी आवाज ऐकले. कोणीतरी धावत होतं."

"स्वप्न पडलं असेल."

"अगं, झोपलोच नव्हतो मी!"

तिने छोटा पेला कपांमागे सरकवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ती गोळीच वाईट. भलतंसलतं ऐकू येतं तिने. फेकून द्या."

त्यांना ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. कारण त्यांच्या थोरल्या भावालाही आधी आवाजच ऐकू आले होते. भिंतीत कोणीतरी चालतंय, असं तो जेवता जेवता सांगायचा. शेवटची नऊ वर्षं त्याने मनोरुग्णालयात, जाळीच्या खिडकीमागे काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात एक गुलाबी आणि बाटलीतली एक पांढरी गोळी घालून ते औषधाच्या दुकानात गेले.

"काका, ही गुलाबीच असते," औषधवाला म्हणाला. "माझे वडील इथे बसायचे, तेव्हाही गुलाबीच होती."

"रंग बदललेला नाही?"

"कधीच नाही."

"मग ही?"

औषधवाल्याने पांढरी गोळी दिव्याखाली धरली. "ही सर्दीची. काकू नेतात की नेहमी. गाडी चालवणाऱ्याला मी बजावून देतो, भयंकर पेंग येते हिने. तुम्हाला फार त्रास दिसतोय सर्दीचा?"

"हो," मुद्रितशोधक म्हणाले. "जुनी आहे."

घरी येताना ते दोनदा रस्ता चुकले. सहा वर्षं रोज साडेतीन ते सहा. एक तर भावाचं दुखणं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, नाहीतर सहा वर्षं त्यांच्या घरात कोणीतरी येत होतं. यातलं कुठलं खरं निघावं, हे ठरवणंही त्यांना नकोसं झालं.

साडेतीनला बायको बाटली घेऊन आली.

"आज जुनीच घ्या." तिने बाटली हलवून पाहिली. "दोन होत्या ना?"

"घरंगळली असेल एखादी."

त्यांनी गोळी जिभेखाली धरली, वर पाणी प्यायले आणि ती पाठमोरी होताच रुमालात थुंकली. आता पोटात ना गुलाबी होती, ना पांढरी. आज आवाज आले, तर दोष द्यायला काही उरणार नव्हतं.

ते भिंतीकडे तोंड करून पडले. डोळे टक्क उघडे.

चार वाजले. कडी वाजली.

कप. तोच पुरुषी आवाज. मग ती अनवाणी धाव. भिंतीलगत आली, त्यांच्या दारापर्यंत आली आणि थांबली.

दार करकरलं.

ते हलले नाहीत. काहीतरी पलंगाजवळ आलं. मानेवर ऊबदार श्वास लागला. दुधाचा वास आला.

"आजी," एक बारीक आवाज उमटला, "आजोबा आज घोरत का नाहीत?"

स्वयंपाकघरातली कपांची किणकिण थांबली. खुर्ची सरकली. घाईघाईने कोणीतरी मागच्या दाराची कडी काढली.

मुद्रितशोधकांनी डोळे घट्ट मिटले आणि जोरजोरात घोरायला सुरुवात केली.