कुरडयांची राखण

फाटकी छत्री. वाजवायला स्टीलची थाळी. काठीला बांधलेला काळा फडका. वाटीभर गव्हाचा चीक. हेमांगीच्या दोन लेकरांचं उन्हाळी शिबिर एवढ्यावर चालायचं. खरं शिबिर परवडत नव्हतं, म्हणून ती दोघं गच्चीवर डिंगणकर काकूंच्या कुरडयांवरचे कावळे हाकत बसायची, आणि खूश असायची.

आज धाकटा निनाद रडतच खाली आला. गाल लाल. वरून काकूंचा आवाज, "ओल्या कुरडया चोरून खातोय तुझा लेक! हेच शिकवतेस?"

हेमांगी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. "काकू, वाळवण राखणारं पोर एखादी ओली कुरडई तोंडात टाकतंच. तुम्ही नाही टाकलीत लहानपणी? राखण फुकटात, आणि कुरडया मोजून?"

"एवढं काय झालं गं? हलकेच मारली."

"हलकेच? गालावर बोटं उठलीत!" तिने थोरल्या मुक्ताच्या हातातली काठी घेऊन काकूंच्या हातात कोंबली. "चल गं खाली."

"अगं, आणि कावळे?"

"तुम्ही हाका. थाळी तिथेच आहे."

त्या कुरडया पहाटे उठून हेमांगीनेच घालून दिल्या होत्या.