फोड न आलेले ओठ

“गेल्या पंधरवड्यात घरात कुणाच्या ओठावर फोड आला होता?”

डॉक्टरबाईंच्या प्रश्नावर सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. काचेपलीकडे बारा दिवसांचं बाळ तापाने फणफणत होतं. सकाळपासून दूध ओढत नव्हतं.

बाळाच्या मावशीनेही मान हलवली. फोड तिलाही नव्हता. पण अकरा वर्षं ती प्रयोगशाळेत ओठावर फोड आणणाऱ्या, तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर उठणाऱ्या विषाणूच्या मागे होती.

तो बहुतेकांच्या नकळत चेतापेशीत शिरून जन्मभर झोपतो. जनुकं घट्ट गुंडाळलेली, जवळजवळ मुकी. मग माणसाला ताप येतो, जिवाला घोर लागतो, पेशी हादरते. गुंडाळी सैल होते.

आधी : सगळी जनुकं एकदम बोलतात. नुसता गलबला.

मग : रांग लागते. पहिली तुकडी दुसरीला उठवते. दुसरी जनुकांच्या प्रती काढते. तिसरी त्यांना कवचं चढवते.

शेवटी : नसेवरून ओठापर्यंत. फोड येईलच असं नाही.

आणि नोकरी राहते की जाते या घोरात असताना मावशीने बाळाचे पापे घेतले होते. गालाचे. मुठीचे. ओठांचेसुद्धा.

“फोड नाही, पण मी पापे घेतलेत,” ती म्हणाली. “पाठीतलं पाणी तपासायला पाठवा. निकालाची वाट बघू नका, विषाणूचं औषध आत्ताच सुरू करा.”

सगळे एकदम बोलू लागले.

“एवढं शिकून दिवे लावलेस!” तिची आई, बाळाची आजी, कडाडली.

“ताई, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं,” बाळाचे बाबा म्हणाले.

धाकटी, बाळाची आई, काचेकडे वळली. तिने खांद्यावरचा बहिणीचा हात झटकला.

पाठीतल्या पाण्यात तोच विषाणू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळ दूध ओढू लागलं. एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं.

सहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी मावशीला खोलीत बोलावलं. खात्रीसाठी घेतलेल्या तिच्या रक्ताचा अहवाल आला होता.

“तुम्हाला या विषाणूची लागण कधी झालेलीच नाही. दोनदा तपासलं.”

अकरा वर्षं हातमोज्यांआडून सांभाळला, आणि तो तिच्यात शिरलाच नव्हता. म्हणजे दुसरं कुणीतरी. आजी. बाबा. नाहीतर दाराच्या काचेतून दिसत होती ती, बाळाला छातीशी धरून डुलणारी.

“चला, मी सांगते त्यांना,” डॉक्टरबाई उठल्या. “तुमच्यावरचं बालंट तरी टळेल.”

“नको. यापुढे पापे कुणीच घ्यायचे नाहीत, एवढं बजावा. अहवाल माझा आहे, माझ्याकडेच राहू दे.”

“पण का?”

“मी सुटले, की ती स्वतःलाच दोषी धरेल.”

मावशी बाहेर आली. तिला पाहताच धाकटीने तोंड फिरवलं. मावशीला हायसं वाटलं.